हाँगशेट आणि सासूगाठ

त्या अकरा जुड्यांवरची गाठ मी बांधली होती. म्हातारीने नव्हे, आणि तिच्या सुनेने तर नव्हेच नव्हे.

हे वाक्य मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, बायकोजवळ नाही, देवापुढे उभा राहिलो तेव्हाही आडवळणानेच. चाळिशी ओलांडली. लिहायला बसलो तर पहिली दोन पानं गावाच्या वर्णनातच गेली, ती फाडली आणि आधी हे वाक्य लिहून मोकळा झालो. आता बाकीचं सांगतो.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाली, मुरुडच्या अलीकडे. समुद्राच्या अंगाला कोळीवाडा, खाडीच्या अंगाला आम्ही आगरी. आमची मिठागरं. स्वराज्य आलं त्या सुमारास मी अलिबागेत राहून मॅट्रिक झालो. मिठागरातल्या माणसाच्या मुलाला इंग्रजी वाचता येतं, ही त्या वेळी गावात सांगायची गोष्ट होती, आणि माझे वडील ती न विचारता सांगत. शहाणपणाचा एक डौल माझ्या अंगात तेव्हाच शिरला. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या डौलात आहे, असं मला आता वाटतं. पण मूळ सांगितल्याने दोष कमी होत नाही.

गावात एका शेटची सुक्या मासळीची वखार होती. शेट मूळचा काठेवाडकडचा, दोन पिढ्या आमच्या किनाऱ्यावर राहिलेला. मराठी आमच्यासारखीच बोलायचा, फक्त खूश झाला की ‘सारु, सारु’ म्हणायचा आणि चिडला की पूर्ण गुजराती व्हायचा. त्याच्याकडे मी कारकून लागलो. खोक्यांवर नावं घालायची, मुंबईच्या दलालाची इंग्रजी पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची.

वखारीतला सगळ्यात मानाचा माल म्हणजे बोत. घोळ माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. ती काढून, खरवडून, वाळवली की मधाच्या रंगाची होते, कडक आणि आरपार दिसणारी. तोच बोत. आमच्याकडे तो कोणी खात नाही. मुंबईहून तो आगबोटीने चीनकडे जायचा. तिकडे त्याचं सार करून बाळंतिणीला देतात, असं शेट सांगायचा. खळ्यावरच्या बायकांना ते लगेच पटलं. “म्हंजे आपला डिंकाचा लाडूच की,” असं एक जण म्हणाली आणि विषय संपला.

खळं म्हणजे कोळीवाड्यासमोरची मासळी सुकवायची मोकळी जागा. तिथे ओळीने बायका बसायच्या. त्या ओळीत पहिली जागा एका म्हातारीची होती. मी तिला मावशी म्हणायचो. नवरा केव्हाच गेलेला, एक मुलगा होडीवर, आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून. मावशीचा बोत साऱ्या किनाऱ्यावर नावाजलेला. ती तो समुद्राच्या पाण्यात धुवायची, विहिरीच्या पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. उन्हात टाकायची नाही, नारळाच्या झापाच्या सावलीत दोरीवर लावून दिवसातून चार वेळा हाताने फिरवायची. आणि मीठ कधीच नाही. मिठाने बोत लवकर सुकल्यासारखा दिसतो, पण बोटीत दमट हवा लागली की चिकट होतो आणि आतून कुजतो. वाळलेला बोत ती सूर्यासमोर धरायची. “सूर्य दिसला पायजे, पन डोल्याला लागला न्हाय पायजे,” असं तिचं माप.

दहा बोतांची एक जुडी. ती जाळ्याच्या सुताने बांधायची, झाडाच्या सालीत रंगवलेल्या तांबूस सुताने. प्रत्येक घराची गाठ वेगळी. वखारीत दिवा नसला तरी नुसत्या बोटांनी चाचपून कुठल्या घरची जुडी ते कळायचं. ही गाठ सासू सुनेला शिकवते. मुलीला नाही, कारण मुलगी ती दुसऱ्या घरी घेऊन जाईल. म्हणून तिचं नावच सासूगाठ.

एकदा मुंबईच्या दलालाने तांबड्या शिक्क्याच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा पाठवला. प्रत्येक खोक्यात एक टाकायची. वर चिनी अक्षरं, खाली इंग्रजीत पत्ता. मी गठ्ठा घेऊन खळ्यावरून जात होतो, तर बायकांनी अडवलं.

“काय लिवलंय रं? वाच तरी.”

मी वाचलं. दोन शब्द मला उच्चारता आले नाहीत, ते गिळले. शेवटचा शब्द आला तो मोठ्याने म्हटला. हाँग.

“हाँग म्हंजे काय?” मावशीने विचारलं.

शाळेच्या एकाही पुस्तकात मला तो शब्द भेटला नव्हता. हाँगकाँग हे बंदर ऐकून माहीत होतं, पण इथे तर हाँग एकटाच उभा होता. ‘ठाऊक नाही मावशी’ एवढं म्हणायला काय लागत होतं? पण दहा-बारा बायका तोंडाकडे बघत होत्या आणि मी मॅट्रिक होतो.

“तिथल्या शेटचं नाव,” मी म्हणालो. “हाँगशेट.”

बस्स. त्या दिवसापासून समुद्रापलीकडे एक माणूस उभा राहिला.

“बाईल हाय क त्याला?” एकीने विचारलं.

“असेल की.”

“एक क दोन?”

“दोन,” मी ठोकून दिलं.

“आगं बाय! मंग बोत लागनारच त्याला!”

खळं हसलं. मीही हसलो. मावशी मात्र हसता हसता थांबली आणि म्हणाली, “हसू नगा. आपल्या हातचं त्याच्या घरच्या बालंतिनीच्या पोटात जातं. तो काय परका हाय?”

तिने माझ्याकडून एक चिठ्ठी मागून घेतली आणि घरात देवांच्या फळीशेजारी भाताच्या पेजेने चिकटवली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की एक सुपारी वेगळी काढायची आणि पुढच्या खोक्यात आपल्या जुड्यांमध्ये ठेवायला माझ्या हातात द्यायची. “त्याला म्हनावं, आमी बरे हाव.” शेट ती सुपारी बघून हसायचा आणि स्वतः खायचा. मी मावशीला सांगायचो, पोचली.

पुढे दलालाचं पत्र आलं. चीनच्या गिऱ्हाइकाला त्या तांबूस सुताच्या, मध्ये बारीक डोळा ठेवलेल्या गाठीचा, म्हणजे मावशीचा, माल फार पसंत आहे, तोच जास्त पाठवा. शेट स्वतः खळ्यावर गेला.

“मावशी, दुप्पट दे. हाँगशेटचा हुकूम आहे.”

“घोल काय माज्या परड्यात पिकतो?” मावशी म्हणाली. “दर्या देल तेवडा देन.”

“दुसऱ्यांचा घे आणि तू वाळव.”

“दुसऱ्यांनी पान्यात किती येल ठेवला, मना काय ठाव? मी न्हाय घेत.”

वखारीत परत आल्यावर शेट माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझ्यावर जीव आहे तिचा. गाठ शिकून घे. कधी कामाला येईल.”

मला तेव्हाच कळलं होतं की ती कशी कामाला येईल. मी दौत पुढे ओढली आणि दलालाला उत्तर लिहायला बसलो.

पौषात मावशीच्या अंगठ्यात शिंगाळ्याचा काटा गेला. शिंगाळा म्हणजे काटेरी मासा, त्याचा काटा विषारी. अंगठा वांग्यासारखा सुजला. सून पहिलटकरीण, माहेरी हरिहरेश्वराच्या बाजूला बाळंतपणाला गेलेली. मुलगा होडीवर. बोत वाळून तयार आणि बांधायला हात नाही. मी गेलो. माझ्या मनात शेटचं बोलणं होतं, आणि तिच्या अंगठ्याची दयाही होती. दोन्ही खरं आहे. बरीच वर्षं मी स्वतःला फक्त दयाच सांगत आलो.

“मी बांधतो मावशी. मला दाखव.”

तिने बराच वेळ सुजलेल्या अंगठ्यावर फुंकर घातली. मग म्हणाली, “ही सासू सुनंला देते. तुना कनची रं सासू?”

“तूच.”

ती खळखळून हसली. “आगं बाय, मिशीवाली सून आयली मना. जा, हात धू. खाऱ्या पान्यानं धू.”

मी समुद्रावर जाऊन हात धुऊन आलो. तिने डाव्या हाताने सूत धरलं आणि तोंडाने सांगत गेली. दोन वेढे, मग टोक खालून, मग उलटं वर, आणि ओढताना अर्ध्यात थांबायचं. तांदळाच्या दाण्याएवढा एक डोळा उघडा राहिला पाहिजे. “बाकीच्या गाठी डोला मिटून घेतात,” ती म्हणाली. “ही बघत जाते. पार हाँगशेटच्या घरापर्यंत.”

सातव्या-आठव्या वेळी मला जमली. तिने चाचपून बघितली आणि मान हलवली.

“कोनाला दावनार न्हायस ना?”

“नाही.”

“दर्याची आन?”

“दर्याची आण.”

त्या आठवड्यात तिच्या सगळ्या जुड्या मी तिच्यासमोर बसून बांधल्या. अंगठा बरा झाला. फाल्गुनात सून मुलगी घेऊन परत आली, आणि मावशीने तिलाही गाठ शिकवली. खळ्यावर बसून सून बांधायची आणि मावशी बाजूला बसून नातीला खेळवायची. “आता मना मराया हरकत न्हाय,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

वैशाखात, समुद्र बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या खेपेला, शेटने खाडीपलीकडच्या गावांतून बोत गोळा केला. आठवडाभर नीट वाळवायला सवड नव्हती. माल दमट, काहींच्यात रक्ताच्या रेषा तशाच. शेट वैतागला. उपाय मी सुचवला. मीठ लावून फळीखाली दाबला तर दोन दिवसांत बाहेरून कडक दिसेल. मीठ आमच्याच आगरातलं, मीच आणलं. शेट ‘सारु, सारु’ म्हणाला. मग त्याने तांबड्या सुताचं रीळ माझ्यासमोर ठेवलं आणि जेवायला घरी गेला.

दोन दुपारी मी वखारीत बसून अकरा जुड्या बांधल्या. दार उघडंच होतं, बाहेर लख्ख ऊन होतं, लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. लाज तेव्हा वाटली नाही. खरं सांगायचं तर गाठ इतकी सुबक येत होती की मला बरं वाटत होतं. डोळा बरोबर तांदळाएवढा. शेवटची जुडी बांधून झाल्यावर मी ती उजेडाकडे धरली, मावशी धरायची तशी. बोतातून काहीच दिसलं नाही. मी ती खोक्यात ठेवली आणि वर तांबडी चिठ्ठी टाकली.

पावसाळा गेला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा बाहेर पडल्या, आणि दलालाचं पत्र आलं. सोबत एक जुडी परत आली होती, काळी पडलेली, बुरशी धरलेली. पत्रात लिहिलं होतं की या गाठीचा माल यापुढे घेतला जाणार नाही.

शेटचा धंदा बुडायची वेळ आली होती. तो ती जुडी घेऊन तडक खळ्यावर गेला. मलाही बरोबर चल म्हणाला. सगळ्या बायका ओळीने बसल्या होत्या. शेटने जुडी मावशीसमोर टाकली.

“बघ. हाँगशेटने परत पाठवली.”

मावशीने जुडी उचलली. वास घेतला. एक बोत कडेने मोडला आणि जिभेला लावला.

“मीठ,” ती म्हणाली. “ह्यो माजा न्हाय. मी बोताला मीठ लावत न्हाय, सगला खला सांगंल.”

“आणि गाठ?” शेटने विचारलं.

तिने जुडी फिरवून गाठ बघितली. मग बोटांनी चाचपली. मग पुन्हा बघितली. तिचा चेहरा मी अजून विसरलो नाही. आपल्याच घराचं दार ओळखू न आल्यासारखा झाला होता.

“गाठ माजीच हाय,” ती हळू म्हणाली.

मग तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

“तू बांदलीस क रं?”

शेट समुद्राकडे बघत होता. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मी एवढं सांगतो की त्याने मला धमकावलं नव्हतं, आधी काही पढवलं नव्हतं. ‘हो’ म्हणालो असतो तर नोकरी गेली असती, एवढंच. वडील म्हणाले असते, परत ये आगरात.

“नाही मावशी,” मी म्हणालो. “तुझ्या अंगठ्याला लागलं होतं तेव्हा बांधल्या तेवढ्याच. तुझ्यासमोर.”

“दर्याची आन?”

“दर्याची आण.”

तिने मान खाली घातली. आणि मग ओळीतल्या एकेका बाईची नजर तिच्या सुनेकडे वळली. सून पोरीला कडेवर घेऊन मागे उभी होती. तिच्या माहेरी, तिकडे दक्षिणेला, बोताला मीठ लावतात. हे खळ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

“मी न्हाय, आत्ये,” सून म्हणाली.

मावशीने जुडी खाली ठेवली.

“आत्ये, पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगते, मी न्हाय.”

“माहेरचा माल आनला असंल गुपचूप,” मागून कोणीतरी म्हणालं. “सासू बाजारला गेली का बांदला असंल.”

“पोरीच्या डोक्यावरचा हात काड,” मावशी सुनेला म्हणाली. “आनि आजपास्न ही गाठ तू बांदायची न्हाय.”

तिच्याजवळचं सूत तिने गुंडाळून कमरेला खोचलं. मी तिथेच उभा होतो. माझ्यापासून सुनेपर्यंत चार हातांचं अंतर असेल. कडेवरची पोर माझ्या शर्टाच्या बटणाकडे हात करत होती.

आठ दिवसांनी मावशीने मला घरी बोलावलं. देवांच्या फळीशेजारची चिठ्ठी तिने काढून टाकली होती, भिंतीवर पेजेचा चौकोन तेवढा उरला होता.

“हाँगशेटला कागद लिव,” ती म्हणाली. “तुना विंग्रजी येतं. मी बोलते, तू लिव.”

मी मराठीत लिहून घेतो, नंतर इंग्रजी करून धाडतो, असं म्हणालो आणि बसलो. ती सांगत गेली. सून आत चुलीशी होती, घर एवढंसं, तिला शब्द न् शब्द ऐकू जात होता.

“लिव. तुमच्या घरच्या बालंतिनीला बाधलं नसंल अशी आशा हाय. लिवलंस? सून ल्हान हाय. तिची चूक पदरात घ्या. आमच्या घरानं असं कवा केलं न्हवतं. मना लाज वाटते तुमच्यासमोर याला. लिवलंस?”

“लिहिलं.”

“वाच.”

मी वाचून दाखवलं. ‘सून ल्हान हाय, तिची चूक पदरात घ्या’ हे माझ्या तोंडून, माझ्या अक्षरातून, त्या घरात दुसऱ्यांदा उच्चारलं गेलं. आत भांडं वाजायचं थांबलं.

मावशीला सही येत नव्हती. अंगठा पुढे करायच्या ऐवजी तिने कमरेचं सूत काढलं, कागदाच्या कोपऱ्याला दाभणाने भोक पाडलं, आणि त्यातून दोरा ओवून गाठ बांधली. दोन वेढे, टोक खालून, उलटं वर. डोळा उघडा. “आता वलखील तो,” म्हणाली.

तो कागद मी कुठेच पाठवला नाही. पाठवायचा तरी कोणाला? तो माझ्या ट्रंकेत आहे.

वर्षभरात मी शेटची नोकरी सोडली आणि मुंबईला एका कचेरीत चिकटलो. तिथे एक वयस्कर कारकून होते. तरुणपणी चीनशी व्यापार करणाऱ्या एका ठिकाणी पत्रं लिहायचं काम त्यांनी केलेलं. एकदा डबा खाताना मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, हाँग हे कोणाचं नाव असतं?

“नाव कसलं?” ते म्हणाले. “हाँग म्हणजे पेढी. व्यापाऱ्याचं घर, वखार, कचेरी, सगळं मिळून एक.”

मग त्यांनी हात पुसून समजावून सांगितलं. मूळ चिनी शब्दाचा अर्थ ओळ. कँटन शहरात नदीकाठी ओळीने बांधलेल्या वखारी होत्या. बाहेरून आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी तिथेच उतरायचं आणि परवाना असलेल्या ठरावीक चिनी पेढ्यांशीच व्यवहार करायचा. एकेक धंदा एकेका ओळीत, म्हणून ओळीचा तोच शब्द धंद्याला, आणि धंद्याचा तोच पेढीला. गोऱ्यांनी तो तिथल्या लोकांच्या तोंडून उचलला आणि इंग्रजी करून टाकला. आपल्या मुंबईतून कापूस आणि अफू घेऊन गेलेले लोकही तो शब्द बरोबर घेऊन आले, जुन्या कचेऱ्यांतून तो अजून चालतो. “आणि हाँगकाँगमधला हाँग वेगळा हं,” ते म्हणाले. “तो सुवासाचा. सुवासिक बंदर. ऐकायला सारखे, लिहायला निराळे.”

मी पोळीचा तुकडा तसाच हातात धरून बसलो. ओळ. म्हणजे आपली आळी. तांबट आळी, कासार आळी, एका धंद्याची घरं एका ओळीत. आळी आणि पेढी, हे दोन शब्द एकत्र केले की त्यांचा हाँग झाला. मावशीला हे सांगायला मला मॅट्रिकची गरज नव्हती. ती स्वतः जन्मभर एका ओळीत बसून एकच धंदा करत आली होती. ‘आपल्या खळ्यासारखीच पेढी गं मावशी,’ एवढं म्हणालो असतो तर तिला माझ्याआधी कळलं असतं.

पण मी तिला माणूस दिला. पेढीने माल नाकारला असता तर ती चिडली असती, भांडली असती, शेटला म्हणाली असती की दुसरा गिऱ्हाईक बघ. माणसाने नाकारलं म्हणून ती लाजली. तिच्या त्या लाजेला कोणावर तरी टेकायला हवं होतं, आणि ती सुनेवर टेकली.

त्या कारकुनांनी जाता जाता आणखी एक सांगितलं. अशा पेढ्यांत प्रत्येक घरच्या मालाचा नमुना वर्षानुवर्षं जपून ठेवायची पद्धत. एक पत्र टाकलं की जुना नमुना आणि नवा माल ताडून कळवतात. म्हणजे खरं काय ते तिकडून लेखी येऊ शकलं असतं. सुनेचं नाव धुतलं गेलं असतं. पत्ता माझ्या तोंडपाठ होता. इंग्रजी मला येत होतं. मी पत्र टाकलं नाही. पहिलं खोटं घाबरून बोललो, असं एखाद्या वेळी म्हणता येईल. हे तर मी मुंबईत, पोटभर जेवून, शांतपणे केलं.

गावी वर्षातून एकदा जायचो. सुनेला खळ्यावर नाव पडलं होतं, मीठवाली. “ए मीठवाली, सरक.” “मीठवाले, तुजं बोंबील तरी अलनी हायती क?” सुरुवातीला ते लागेल असं बोलायचे, नंतर नुसती हाक झाली. ती त्या हाकेला ‘ओ’ द्यायला लागली. मला हे शिवीपेक्षा वाईट वाटलं. ओळीत तिची जागा शेवटची, जिथे ओहोळाचा वास येतो तिथे. मावशी आणि ती एका घरात राहत, एका चुलीवरचं खात, पण एकमेकींशी कामापुरतं बोलत. बोत मावशीने पुन्हा वाळवला नाही. चार-पाच वर्षांनी ती गेली. मी मुंबईत होतो. गेलो नाही. रजा मिळत होती.

गेल्या वर्षी मांडव्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत होतो. सून तिथे होती, सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन भाऊच्या धक्क्याला निघालेली. केस पिकायला लागलेले. बरोबर मुलगी, आता आईच्या उंचीची झालेली. पाटी उचलायला मदत करणाऱ्या खलाशाने त्या मुलीला हाक मारली, “ए मीठवालीची, पाय काढ.” मुलीने पाय काढला.

लाँचमध्ये सून माझ्या शेजारच्या फळीवर येऊन बसली. तिने माझ्यावर कधीच संशय घेतला नव्हता, हे मला तिच्या बोलण्यावरून कळत होतं, आणि ते सहन होत नव्हतं.

“भाऊ, येक इचारू? तो हाँगशेट कसा वो व्हता?”

“का गं?”

“आत्येनं जाताना त्याचंच नाव काडलं. म्हनाली, त्याला आपल्या घरची खरी वस्तू पुन्हा पोचली न्हाय.” तिने पाटीवरचं फडकं सारखं केलं. “माजं नाव न्हाय काडलं. मी उशाशी बसलेली.”

इंजिनाचा आवाज होता. मी ऐकू न आल्यासारखं करू शकलो असतो.

“तुमी कलवलं व्हतं ना त्याला? कागद लिवलेला तो?”

“हो,” मी म्हणालो. “कळवलं होतं.”

“मंग काय म्हनाला? माफ केलं क मना?”

मी म्हणालो, “केलं.”

तिने पदराने तोंड पुसलं. मुलीला म्हणाली, “बग, तो तरी बरा मानूस.” आणि मुंबई येईपर्यंत दोघी माझ्याशी आणखी काही बोलल्या नाहीत. मी नसलेल्या माणसाच्या नावाने, न केलेल्या चुकीची माफी तिला देऊन बसलो होतो, आणि ती समाधानाने समुद्राकडे बघत होती.

तेव्हापासून झोप नाही असं म्हणणार नाही, झोप येते. पण रोज ट्रंक उघडून तो कागद बघितल्याशिवाय राहवत नाही. कोपऱ्यातली गाठ तशीच आहे. सुताचा रंग उडाला, डोळा उघडाच आहे.

मला त्या बाईचं एक वाक्य देणं आहे. ते चिठ्ठीतून चालणार नाही, एकांतात चालणार नाही. खळ्यावर, दिवसाढवळ्या, बायका ओळीने बसलेल्या असताना, तिच्या मुलीच्या देखत म्हणायचं आहे: त्या अकरा जुड्या मी बांधल्या, मीठ मी आणलं, दर्याची खोटी आण मी घेतली, आणि हाँगशेट नावाचा माणूस कधी नव्हता, तोही मीच केला. मग तो कागद तिच्या हातात द्यायचा आहे, कारण त्यावरची गाठ तिच्या घराची आहे. ते वाक्य मी अजून दिलेलं नाही.